रॉबर्ट वॉरिंग्टन : काचेच्या पेटीत तळे वसवणारे रसायनशास्त्रज्ञ



सिमरोलच्या पुढे भेरूघाट उतरून चोरल नदीकडे सहलीला तुमच्यापैकी बहुतेकजण गेलेले आहेत. आपल्याकडच्या अशा नद्यानाल्यांच्या संथ पाण्यात डोकावून पाहिले तर हिरव्या वनस्पती, त्यांच्यावर हळूहळू सरकणाऱ्या गोगलगायी, बोटभर लांबीचे मासे आणि नीट पाहिल्यासच दिसणारे काचेसारखे पारदर्शक झिंगे आढळतात. या पाण्यात कोणी खाणे टाकत नाही आणि कोणी ते धूतही नाही. तरी तेथील जीवन चालू असते. मग घरी आणलेले मासे किंवा झिंगे आठवडाभरात का मरतात? हा प्रश्न अनेक मुलांनी विचारलेला आहे. या प्रश्नाचे पहिले समाधानकारक उत्तर ज्यांनी दिले, त्या रॉबर्ट वॉरिंग्टन यांच्या जीवनाची ओळख आज करून घेऊ. हल्ली आपल्या शहरातही काचेच्या पेटीत पाणवनस्पती लावून त्यात चिमुकले झिंगे पाळण्याचा छंद मुलांना लागला आहे. त्या छंदाचे मूळ या गृहस्थांच्या एका प्रयोगात आहे.

बालपण आणि शिक्षण

रॉबर्ट वॉरिंग्टन यांचा जन्म ७ सप्टेंबर १८०७ रोजी इंग्लंडमधील केंट परगण्यात शीअरनेस या बंदराच्या गावी झाला. त्यांचे वडील जहाजांना धान्य व इतर खाद्यपदार्थ पुरवण्याचा व्यवसाय करीत. लंडनच्या मर्चंट टेलर्स शाळेत त्यांचे थोडे शिक्षण झाले. पुढे १८२२ मध्ये, म्हणजे पंधराव्या वर्षी, त्यांना जॉन थॉमस कूपर या रसायनशास्त्रज्ञांकडे उमेदवारीसाठी ठेवण्यात आले. कूपर वैद्यकीय शाळांत व्याख्याने देत आणि सोडियम, पोटॅशियम, आयोडीन असे पदार्थ तयार करून विकत. त्यामुळे रसायनशास्त्र पुस्तकातून शिकण्याआधीच रॉबर्ट ते भट्टी आणि बाटल्यांमधून शिकले.

१८२८ मध्ये लंडनमध्ये नवे विद्यापीठ सुरू झाले. तेथील रसायनशास्त्राचे प्राध्यापक एडवर्ड टर्नर यांनी त्यांना साहाय्यक म्हणून घेतले. १८३१ मध्ये ते एका मोठ्या मद्यनिर्मिती कारखान्यात रसायनतज्ज्ञ म्हणून गेले आणि १८३९ पर्यंत तेथे राहिले. त्या काळी कारखान्यात रसायनतज्ज्ञ नेमणे ही नवलाची गोष्ट होती. १८३५ मध्ये त्यांचा विवाह झाला आणि २२ ऑगस्ट १८३८ रोजी त्यांना मुलगा झाला. त्याचेही नाव रॉबर्टच ठेवले. या धाकट्या रॉबर्टला लक्षात ठेवा, आपल्या गोष्टीत तो पुढे पुन्हा येणार आहे.

संस्था उभारणारा माणूस

वॉरिंग्टन यांना एक गोष्ट खटकत असे. भूगर्भशास्त्र, खगोलशास्त्र यांच्या स्वतंत्र संस्था लंडनमध्ये होत्या, पण रसायनशास्त्रज्ञांना एकत्र बसायला जागा नव्हती. त्यांनी स्वतः अनेकांना पत्रे पाठवली. २३ फेब्रुवारी १८४१ रोजी पंचवीस जण एकत्र जमले आणि ३० मार्च १८४१ रोजी केमिकल सोसायटी ऑफ लंडन स्थापन झाली. वॉरिंग्टन पुढे दहा वर्षे तिचे मानद सचिव होते. अध्यक्षाचे नाव इतिहासात राहते, पण सभेची पत्रे लिहिणारा आणि टिपणे ठेवणारा सचिव बहुधा विसरला जातो. आपल्या गणेशोत्सव मंडळातही हेच होते, नाही का?

१८४२ मध्ये लंडनच्या सोसायटी ऑफ अपोथेकरीज या औषधे बनवणाऱ्यांच्या जुन्या संस्थेत त्यांची नेमणूक झाली. औषधे शुद्ध आहेत की नाहीत हे पाहणे हे त्यांचे मुख्य काम. कुटुंबही संस्थेच्या इमारतीतच राहू लागले. १८६६ पर्यंत, म्हणजे चोवीस वर्षे, त्यांनी ही नोकरी केली.

भेसळ शोधण्यात त्यांचा हातखंडा होता. चीनहून येणारा हिरवा चहा त्यांनी १८४४ च्या सुमारास सूक्ष्मदर्शकाखाली तपासला. तेव्हा पानांचा तो सुंदर रंग पानांचा नसून प्रशियन ब्लू हा निळा रंग आणि जिप्समची पूड लावून आणलेला आहे, असे दिसून आले. लोकांना ज्या रंगाचे कौतुक होते तो रंगच खोटा निघाला. दिसते त्यावर न थांबता ते कशामुळे दिसते हे तपासायचे, ही त्यांची सवय होती. काचेच्या पेटीच्या प्रयोगात तीच सवय उपयोगी पडली.

मे १८४९ चा प्रयोग

आता आपण त्यांच्या घरातल्या त्या प्रयोगाकडे येऊ. त्या वेळी इंदूरच्या गादीवर दुसरे तुकोजीराव होळकर होते आणि ते जेमतेम चौदा वर्षांचे होते, म्हणजे तुमच्याच वयाचे. यावरून काळाची कल्पना येईल.

काचेच्या भांड्यात सोनमासे ठेवण्याची हौस तेव्हाही होती. पण पाणी रोज किंवा एक दिवसाआड बदलावे लागे, नाहीतर मासे पृष्ठभागाशी येऊन तोंड उघडझाप करीत आणि मरून जात. दुसरीकडे, हिरव्या वनस्पती प्रकाशात प्राणवायू बाहेर सोडतात हे अठराव्या शतकातच जोसेफ प्रीस्टले आणि यान इंगेनहाउझ यांच्या प्रयोगांतून कळले होते. वॉरिंग्टन यांनी विचार केला की मासा प्राणवायू घेतो आणि कार्बन डायऑक्साइड सोडतो, तर वनस्पती प्रकाशात याच्या उलट करते. मग दोघांना एकाच भांड्यात ठेवले तर पाणी न बदलता दोघेही जगतील काय?

त्यांनी सुमारे बारा गॅलनचे, म्हणजे साधारण ५५ लिटर मावतील असे काचेचे भांडे घेतले. तळाशी नदीची वाळू, माती आणि थोडे दगड घातले. ते अर्धे पाण्याने भरले आणि त्यात व्हॅलिस्नेरिया नावाची पाणवनस्पती लावली. लांब, हिरव्या फितीसारखी पाने असलेली ही वनस्पती भारतातल्या तळ्यांत आणि नद्यांतही आढळते. मग त्यांनी दोन लहान सोनमासे सोडले.

सुरुवातीला सर्व ठीक चालले. पण काही दिवसांनी वनस्पतीची जुनी पाने कुजू लागली. पाणी गढूळ झाले, काचेवर हिरवट बुळबुळीत थर चढला. ही अवस्था ज्याने पेटी केली आहे त्या प्रत्येकाने पाहिलेली असते. बहुतेक लोक येथेच कंटाळतात, सगळे ओतून देतात आणि पेटी माळ्यावर टाकतात.

वॉरिंग्टन यांनी पाणी ओतून दिले नाही. खऱ्या तळ्यातही पाने कुजतात, मग तेथे पाणी स्वच्छ कसे राहते, हे त्यांनी पाहिले. तळ्यात कुजके पान खाणारे प्राणी असतात, हे त्यांच्या ध्यानात आले. त्यांनी पाच-सहा पाणगोगलगायी आणून भांड्यात सोडल्या. गोगलगायींनी कुजकी पाने आणि काचेवरचा थर खाऊन टाकला आणि पाणी पुन्हा निवळले. गोगलगायींनी घातलेली अंडी माशांना खाद्य झाली. त्यांच्या विष्ठेचे खत वनस्पतीला मिळाले आणि व्हॅलिस्नेरियाला बाजूने नवी रोपे फुटली. आतापर्यंत दोघांचा विचार चालला होता, पण तळ्याचे काम तिसऱ्यावाचून अडलेले होते आणि तो तिसरा होता सफाई करणारा.

मार्च १८५० मध्ये त्यांनी हा प्रयोग केमिकल सोसायटीपुढे सांगितला आणि त्याच वर्षी तो सोसायटीच्या नियतकालिकात छापून आला. पाणी न बदलता जवळजवळ वर्षभर ते भांडे उत्तम चालले होते. पुढे १८५२ पासून त्यांनी समुद्राच्या पाण्यावरही असेच प्रयोग केले. काचेत समुद्री जीव ठेवून अभ्यास करण्याचे काम जान व्हिलप्रू-पॉवर या फ्रेंच विदुषींनी सिसिली बेटावर १८३२ च्या सुमारासच केले होते, हेही येथे सांगितले पाहिजे. वॉरिंग्टन यांचे वेगळेपण म्हणजे त्यांनी वनस्पती, प्राणी आणि सफाई करणारा यांचा तोल गोड्या पाण्यात साधून दाखवला आणि त्याचे कारणही समजावून दिले.

हौसेची लाट

इंग्लंडमध्ये काचेवरचा कर १८४५ मध्ये रद्द झाला होता, त्यामुळे काच स्वस्त झाली होती. १८५३ मध्ये लंडनच्या प्राणिसंग्रहालयात मत्स्यगृह उघडले, ते जगातील पहिले सार्वजनिक मत्स्यालय मानले जाते. १८५४ मध्ये फिलिप हेन्री गॉस यांच्या पुस्तकाने ‘अ‍ॅक्वेरियम’ हा शब्द घरोघरी पोचवला. मग काय, घराघरात काचेची पेटी दिसू लागली. पण तोल साधण्याचा धीर थोड्यांकडेच होता. पाणी नासले, जीव मेले, आणि दहा-पंधरा वर्षांत ती लाट ओसरली. पेटी विकत मिळत होती, धीर मात्र विकत मिळत नव्हता.

वॉरिंग्टन यांना १८६४ मध्ये रॉयल सोसायटीचे सदस्यत्व मिळाले. १८६६ मध्ये त्यांनी नोकरी सोडली आणि १७ नोव्हेंबर १८६७ रोजी डेव्हन परगण्यातील बडली सॉल्टर्टन या गावी त्यांचे निधन झाले.

मुलाने सोडवलेले अर्धे कोडे

वडिलांच्या प्रयोगात एक गोष्ट मात्र अंधारात राहिली होती. मासे, झिंगे, गोगलगायी यांच्या शरीरातून अमोनिया बाहेर पडतो. कुजणाऱ्या पानांतूनही तो निघतो. अमोनिया पाण्यातल्या जीवांना विष आहे. गोगलगायीने पान खाल्ले तरी अमोनिया नाहीसा होत नाही. मग तो जातो कोठे?

प्रयोग सुरू झाला तेव्हा धाकटा रॉबर्ट दहा वर्षांचा होता. प्रकृती नाजूक असल्याने त्याचे शिक्षण बरेचसे घरी, वडिलांच्याच प्रयोगशाळेत झाले. पुढे तो शेतीच्या रसायनशास्त्राकडे वळला आणि १८७६ पासून रॉथॅमस्टेड येथील प्रसिद्ध कृषी संशोधन केंद्रात काम करू लागला. जमिनीतल्या अमोनियाचे नायट्रेट कसे होते, हा त्याचा विषय. १८७७ मध्ये श्लोसिंग आणि म्युंट्झ या फ्रेंच शास्त्रज्ञांनी हे काम सूक्ष्मजीव करतात असे दाखवले होते. धाकट्या वॉरिंग्टन यांनी त्याला दुजोरा दिला आणि आणखी पुढे जाऊन सिद्ध केले की हे काम दोन टप्प्यांत होते. पहिल्या टप्प्यात अमोनियाचे नायट्राइट होते, दुसऱ्यात नायट्राइटचे नायट्रेट, आणि दोन्ही टप्प्यांचे कामगार वेगवेगळे आहेत. पण अनेक वर्षे खटपट करूनही ते जंतू शुद्ध स्वरूपात वेगळे काढणे त्यांना जमले नाही. ते यश १८९० मध्ये सर्गेई विनोग्राद्स्की या रशियन शास्त्रज्ञाला मिळाले. धाकटे वॉरिंग्टन १९०७ मध्ये वारले.

त्यांचे संशोधन शेतजमिनीसाठी होते, मत्स्यपेटीसाठी नव्हते. पण आज आपल्याला ठाऊक आहे की हेच अदृश्य कामगार पेटीतल्या वाळूवर, दगडांवर आणि पानांवर वस्ती करतात. वडिलांच्या भांड्यात ते १८४९ मध्येही काम करीत होते, फक्त त्यांचे नाव कोणाला माहीत नव्हते.

झिंगे पाळू इच्छिणाऱ्यांसाठी

१९८० च्या दशकात ताकाशी अमानो या जपानी छायाचित्रकारांनी पाणवनस्पतींच्या सुंदर पेट्या रचायला सुरुवात केली. शेवाळ आवरण्यासाठी त्यांनी यामातो नावाचे लहान झिंगे वापरले. वॉरिंग्टन यांच्या गोगलगायीचेच काम हे! आज बाजारात जे तांबडे चेरी झिंगे मिळतात ते दोन-तीन सेंटिमीटरचे असतात. त्यांचे मूळ पूर्व आशियातले. यामातोच्या पिल्लांना वाढण्यासाठी खारट पाणी लागते, पण चेरी झिंगे गोड्या पाण्यातच वाढतात. मादी पोटाखाली अंडी घेऊन फिरते आणि सुमारे महिन्याने त्यांतून आईवडिलांसारखीच दिसणारी इवलीशी पिल्ले बाहेर येतात.

ज्यांना पेटी करायची आहे त्यांनी पितापुत्रांचे दोन्ही धडे ध्यानात ठेवावेत.

पेटी निदान वीस-तीस लिटरची घ्यावी. पाणी थोडे असले की तोल लवकर बिघडतो. बारीक वाळू साबण न लावता स्वच्छ धुवावी आणि चार-पाच सेंटिमीटर थर द्यावा. व्हॅलिस्नेरिया, हायड्रिला, जावा मॉस अशा सोप्या वनस्पती भरपूर लावाव्यात. दुकानातून आणलेल्या वनस्पतींवर कीटकनाशक असू शकते, म्हणून त्या आधी काही दिवस वेगळ्या बादलीत ठेवून पाणी बदलत राहावे. नळाच्या पाण्यात क्लोरीन असते, ते पाणी दिवसभर उघड्या बादलीत ठेवून किंवा दुकानात मिळणारे क्लोरीन घालवणारे औषध टाकून वापरावे. स्पंजाचा फिल्टर लावावा, कारण मोठ्या फिल्टरमध्ये पिल्ले ओढली जातात. दिवा रोज सात-आठ तास पुरे. पेटी खिडकीच्या उन्हात ठेवू नये, शेवाळ माजते.

आणि मग थांबावे. हीच सर्वांत अवघड पायरी आहे. सूक्ष्मजीवांची वस्ती जमायला चार ते सहा आठवडे लागतात. काच स्वच्छ दिसते, पाने हिरवी दिसतात, म्हणून पेटी तयार झाली असे समजू नये. हिरव्या चहाची गोष्ट आठवा! या काळात चिमूटभर खाद्य किंवा दोन-तीन गोगलगायी घालाव्यात, म्हणजे सूक्ष्मजीवांना अमोनिया मिळतो. दुकानात पाणी तपासण्याचे संच मिळतात. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य दिसले की आठ-दहा झिंगे आणावेत. त्यांची पिशवी एकदम ओतू नये. पेटीतले पाणी थोडे थोडे पिशवीत घालत तासाभराने त्यांना सोडावे.

खाणे अगदी कमी द्यावे. आठवड्याला दहा-पंधरा टक्के पाणी बदलावे. वॉरिंग्टन यांनी पाणी बदलले नाही हे खरे, पण त्यांच्याकडे ५५ लिटरच्या भांड्यात अवघे दोन लहान मासे होते आणि आपण नेहमीच गर्दी करतो. तांबे असलेले माशांचे औषध झिंग्यांना प्राणघातक असते. आपल्याकडच्या उन्हाळ्यात पारा चाळिशीपार जातो आणि पाणी तीस अंशांवर गेले की झिंगे हैराण होतात, म्हणून पेटी घरातल्या सर्वांत थंड खोलीत ठेवावी. कधी तळाशी पांढुरके, रिकामे झिंग्याचे शरीर दिसेल. घाबरू नका, झिंगा वाढताना जुने कवच टाकून देतो. ते काढू नये, झिंगे ते खातात.

शेवटची सूचना सर्वांत महत्त्वाची. पेटीचा कंटाळा आला किंवा पिल्ले फार झाली तर झिंगे, गोगलगायी किंवा वनस्पती चोरल नदीत किंवा सिमरोलच्या आसपासच्या कुठल्याही तळ्यात सोडू नयेत. मित्राला द्यावेत किंवा दुकानदाराला परत करावेत. बाहेरून आलेला जीव तेथे रुजला तर तेथल्या जीवांचे खाणे आणि जागा बळकावू शकतो. एका पेटीचा तोल साधायला वॉरिंग्टन यांना महिनोन्‌महिने लागले. चोरल नदीचा तोल तर हजारो वर्षांत साधलेला आहे. तो बिघडला तर पाच-सहा गोगलगायी आणून तो पुन्हा साधता येणार नाही.